बालकांभोवती लोकांचा पहारा : हिंगोली जिल्ह्याच्या निमित्ताने

आपल्यामध्ये श्रेष्ठ कोण, असा वाद शिष्यांमध्ये निघाला तेव्हा प्रभू येशूने एका बालकाला जवळ बोलावून सर्वांच्या मधोमध उभे केले, असे संत मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो. जो कोणी अशा लहानग्यांस अडखळण ठरेल त्याच्यासाठी जात्याच्या तळीचा कठोर दाखलाही त्याच अध्यायात आहे. या प्रसंगावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु बालकाला मधोमध उभे केल्यामुळे काय घडले, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ते बालक सर्वांना दिसू लागले. त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही शक्य राहिले नाही.

आज आपल्या देशात बालकांच्या रक्षणासाठी कायदे आहेत, समित्या आहेत, अधिकारी आहेत आणि निधीही आहे. तरीही संकटातील बालक बहुधा कोपऱ्यातच राहते. ते कोणाच्या नजरेस पडावे, त्याच्यासाठी नेमलेल्या यंत्रणेने काम केले की नाही हे कोणी पाहावे, हा खरा प्रश्न आहे. हे पाहण्याचे काम केवळ सरकारी नोकरांचे नसून सामान्य नागरिकांचेही आहे, असे आपला कायदाच सांगतो. मराठवाड्यातील हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात या तरतुदीचा अर्थ काय, आणि आपण कॅथॉलिक भाविकांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जिल्ह्याचे चित्र

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास. त्यांतील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणारे. औंढ्याचे ज्योतिर्लिंग, संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी, वसमतची हळद ही या भूमीची ओळख. १९७७ साली स्थापन झालेल्या आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या विस्तारात हा जिल्हा येतो. मात्र येथील कॅथॉलिकांची संख्या अगदी थोडी आहे.

कोरडवाहू शेती, लहान जमीनधारणा आणि पावसाची अनिश्चितता यांमुळे दसरा-दिवाळी आटोपली की येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या खोपीत राहावे लागते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर. या हिशेबातच बालविवाहाचे एक मूळ दडलेले आहे. वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा आईबापांचा प्रश्न असतो. आणि तिचे लग्न लावून दिले की दोन घरांना मिळून एक नवा कोयता मिळतो. मुलीची शाळा सातवी-आठवीत सुटते आणि पुढच्या हंगामात ती स्वतः मोळ्या वाहताना दिसते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते, देशात २३.३ टक्के. राज्याची सरासरी देशापेक्षा थोडी बरी वाटते. परंतु ज्या परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तेथे हेच प्रमाण ४८ टक्के आढळले. सरासरीच्या आकड्याआड मराठवाडा कसा झाकला जातो हे यावरून कळावे. बालविवाहाखेरीज पित्याच्या आत्महत्येनंतर उघड्यावर पडलेली मुले, कोविडच्या साथीत आई किंवा वडील गमावलेली मुले, स्थलांतरामुळे शाळेबाहेर राहिलेली मुले, आणि ज्यांच्यावरील अत्याचार घराबाहेर कधी सांगितलाच गेला नाही अशी मुले, ही या जिल्ह्यातील बालसंरक्षणाच्या प्रश्नाची व्याप्ती आहे.

कायदा नागरिकांना कोठे बोलावतो?

आपल्याकडील बालसंरक्षणाच्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य असे की तिच्या प्रत्येक पायरीवर बिगर-सरकारी व्यक्तीसाठी जागा राखून ठेवलेली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात आणि ते सरकारी अधिकारी नसून बालकांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या क्षेत्रात अनुभव असलेले नागरिक असतात. निराधार किंवा संकटातील बालकाला कोठे ठेवायचे, कोणाच्या हाती सोपवायचे याचा निर्णय ही समिती न्यायिक अधिकाराने घेते. कायद्याचे उल्लंघन केलेल्या बालकांसाठी जे बाल न्याय मंडळ असते त्यातही दंडाधिकाऱ्यांच्या बरोबरीने दोन समाजसेवक बसतात.

बालगृहांच्या तपासणीसाठी जिल्हा तपासणी समिती असते. तिने दर तीन महिन्यांनी किमान एकदा प्रत्येक संस्थेला भेट द्यावी, अशी अपेक्षा आहे. तिच्यातही बालहक्कांसाठी काम करणारा नागरी समाजाचा प्रतिनिधी असतो. शाळेच्या पातळीवर शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते व तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे आदेशही आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराची घटना उघडकीस आली तेव्हा या समित्या प्रत्यक्षात किती ठिकाणी काम करतात, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला.

या सर्वांत आपल्या वाचकांच्या सर्वात जवळची म्हणजे ग्राम बाल संरक्षण समिती. केंद्र सरकारच्या २००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने तिची कल्पना मांडली आणि २०२२ पासून ती मिशन वात्सल्य या नावाने चालणाऱ्या योजनेचा भाग आहे. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्यसेविका, गावातील प्रतिष्ठित नागरिक यांच्याबरोबर दोन मुलांनाही तिच्यात स्थान आहे. गावातील बालकांना मिळणाऱ्या संरक्षण सेवांवर देखरेख ठेवणे आणि त्यांत सुधारणा सुचवणे हे तिचे काम. हिंगोली जिल्ह्यात पाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. प्रत्येक गावी ही समिती खऱ्या अर्थाने जागी असेल तर बालकांसाठी काही हजार डोळे उघडे राहतील.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीशी परिचित असलेल्यांना या रचनेत एक ओळखीचे तत्त्व दिसेल. जे काम लहान व जवळचा समुदाय करू शकतो ते मोठ्या व दूरच्या सत्तेने त्याच्याकडून काढून घेऊ नये, मात्र त्याला आवश्यक ते साहाय्य द्यावे, असे पूरकतेचे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडले. गावातील मुलगी शाळेत का येत नाही हे जिल्ह्याच्या कार्यालयाआधी शेजारणीला कळते. म्हणून पहिली जबाबदारी शेजारणीची आणि तिच्या हाकेला धावून जाण्याची जबाबदारी कार्यालयाची.

समिती कागदावर का राहते?

मग अडते कोठे? समितीच्या नावांची यादी तयार होते, फलक लागतो, वर्षातून एखाद्या बैठकीच्या इतिवृत्तावर सह्या होतात, आणि काम तेथेच संपते. हे चित्र अनेक गावांत दिसते. यामागे केवळ आळस आहे असे म्हणून चालणार नाही. कारणे अधिक खोल आहेत.

पहिले कारण नात्यागोत्याचे आहे. बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावपातळीवर ग्रामसेवकावर, म्हणजेच २०२४ पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हटले जाते त्यांच्यावर आहे. अंगणवाडी सेविकेने त्यांना साहाय्य करावयाचे असते. परंतु ज्या घरी लग्न आहे त्या घराशी सेविकेचे रोजचे येणे-जाणे असते, सरपंचाला त्या घरची मते हवी असतात आणि पोलीस पाटील वरपक्षाचा पाहुणा असतो. मांडवात अक्षता टाकणारे आणि समितीच्या इतिवृत्तावर सही करणारे हात एकच असतील तर तक्रार कोण करणार?

दुसरे कारण भीतीचे आहे. तक्रार करणाऱ्याचे नाव फुटले तर गावात राहणे कठीण होते. एकट्या-दुकट्या दलित, आदिवासी किंवा ख्रिस्ती कुटुंबाला तर ही भीती अधिकच वाटते. कायदा तक्रारदाराला संरक्षण देतो, परंतु रात्री दारात येऊन उभा राहणारा जमाव कायद्याची कलमे वाचून येत नाही.

तिसरे कारण असे की कायद्याची एक बाजू कधी कधी दुसऱ्या बाजूवर मात करते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणून ओळखतो, १८ वर्षांखालील मुलीवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक करतो. हे योग्यच आहे. परंतु कोवळ्या वयात लग्न झालेली गर्भवती मुलगी या भीतीने सरकारी दवाखान्याकडे फिरकत नाही, असेही घडते. म्हणजे तिचे बालपण गेले ते गेलेच, वर तिचे आरोग्यही धोक्यात आले. लग्न झाल्यावर गुन्हा नोंदवण्यापेक्षा लग्न ठरण्याआधी मुलीला शाळेत टिकवणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

चौथे कारण आर्थिक आहे. समिती आईबापांना मुलीचे लग्न करू नका असे सांगेल, पण ऊसतोडीच्या सहा महिन्यांत ती राहील कोठे, याचे उत्तर देणार नसेल तर तो उपदेश पोकळ ठरतो. स्थलांतरितांच्या मुलांसाठी गावातच चालणारी हंगामी वसतिगृहे, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना, आणि एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी असलेली बालसंगोपन योजना ही उत्तरे सरकारकडे आहेत. बालसंगोपनाचे मासिक साहाय्य २०२३ साली ११०० रुपयांवरून २२५० रुपये करण्यात आले. परंतु अर्ज कोठे करायचा, कोणते दाखले जोडायचे, अडलेल्या अर्जाची चौकशी कोणाकडे करायची हे विधवा मातेला कोण सांगणार? स्वयंसेवकाची खरी गरज येथे आहे.

मुझफ्फरपूरचा धडा

देखरेखीचे महत्त्व एखाद्या घटनेवरून पटवून घ्यायचे झाले तर बिहारमधील मुझफ्फरपूरचे उदाहरण घ्यावे. तेथील मुलींच्या बालगृहाला अधिकारी भेटी देत होते, कागदपत्रे व्यवस्थित होती आणि अनुदान मिळत होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चमूने बिहार सरकारच्याच सांगण्यावरून राज्यातील आश्रयगृहांचे सामाजिक अंकेक्षण केले. त्याचा अहवाल २०१८ मध्ये पुढे आला तेव्हा त्या मुलींवरील भयंकर अत्याचारांना वाचा फुटली. अंकेक्षण करणारी तरुण मंडळी मुलींजवळ बसली, त्यांच्याशी बोलली, त्यांनी ऐकून घेतले. रजिस्टर तपासणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याने ते केले नव्हते. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले.

या प्रकरणाची सर्वात अस्वस्थ करणारी बाब अशी की दोषी ठरलेल्यांमध्ये जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचे माजी अध्यक्ष आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा अधिकारीही होता. म्हणजे ज्या समितीत कायद्याने नागरिकांना बसवले तीच समिती भ्रष्ट झाली होती. त्यामुळे 'नागरिक नेमले की काम झाले' असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पहारेकऱ्यावरही पहारा हवा. एकाच दाराने येणारी नजर पुरेशी नसते. ती अनेक दिशांनी यावी लागते.

आपल्या महाराष्ट्रालाही असा अनुभव आहे. मतिमंद मुलांच्या बालगृहांमधील छळाच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली स्वतःहून दखल घेतली आणि प्रा. आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली राज्य समन्वय समिती नेमली. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी तमिळनाडूतील अनाथालयांसंबंधीच्या खटल्यात तपासणी समित्यांविषयी देशभरासाठी निर्देश दिले. त्या खटल्याचा उगमही २००७ सालच्या एका वृत्तात होता. पुढे ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा खटल्याच्या निकालात बालकल्याण समित्यांमधील रिक्त जागा भराव्यात व सामाजिक अंकेक्षण व्हावे, असे न्यायालयाने बजावले. प्रत्येक वेळी आरंभ कोणा पत्रकाराने, कार्यकर्त्याने, जागरूक नागरिकाने केला. व्यवस्था आतून आपोआप जागी झाली नाही.

आरोग्य सेवांच्या बाबतीत महाराष्ट्राने २००७ पासून लोकाधारित देखरेखीचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सेवांचे गुणपत्रक तयार करायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे, अशी ती पद्धत. मराठवाड्यातील तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत होता. औषधे आहेत का, डॉक्टर हजर असतात का हे जर गावकरी विचारू शकतात, तर मुलांसाठी मंजूर झालेला निधी आणि सेवा मुलांपर्यंत पोहोचल्या का हेही विचारू शकतात.

अन्य देशांतील अनुभव

स्कॉटलंडमध्ये १९७१ पासून संकटातील वा गुन्ह्यात अडकलेल्या मुलांविषयीचे निर्णय बाल सुनावणी मंडळे घेतात. त्यांत प्रशिक्षण घेतलेले तीन सामान्य नागरिक बसतात. शिक्षक, दुकानदार, गृहिणी, निवृत्त कामगार असे हे लोक कोणतेही वेतन घेत नाहीत. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिना राज्याने १९७४ साली पालनपोषणासाठी दुसऱ्या घरी ठेवलेल्या मुलांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी नागरिकांची मंडळे सुरू केली. १९७७ साली सिॲटल येथील एका न्यायाधीशांनी, मुलाच्या बाजूने माहिती गोळा करून न्यायालयाला सांगणारे स्वयंसेवक नेमण्याची प्रथा पाडली. १९९६ पासून तर केंद्राचा निधी घेणाऱ्या प्रत्येक राज्याला नागरिकांची आढावा मंडळे नेमणे बंधनकारक झाले. ही मंडळे धोरणे तपासतात, दरवर्षी अहवाल देतात, आणि सरकारला त्या अहवालाचे लेखी उत्तर द्यावे लागते.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. स्वयंसेवकाला निर्णयाचा अधिकार नसेल तरी चालेल. परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळण्याचा अधिकार त्याला असावा. आपल्या ग्रामसमित्यांचे ठराव वर पाठवले जातात, पण वरून उत्तर येण्याची सक्ती कोणावर नाही. ही उणीव दूर झाली तर समितीच्या बैठकीला लोक येऊ लागतील.

ख्रिस्तसभेला मिळालेला धडा

हा विषय मांडताना आपण ख्रिस्तसभेला बाजूला ठेवू शकत नाही. बालकांच्या रक्षणात प्रापंचिकांनी पुढे यावे ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकांसाठी एक गृह होते. संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी आपल्या सेवाभावी भगिनीमंडळातील प्रापंचिक स्त्रियांना तेथे पाहणी करण्यास पाठवले. तेथील हाल पाहून त्या हादरल्या आणि १६३८ साली त्यांनी काही बालकांची जबाबदारी स्वतः घेऊन कामाला आरंभ केला. आधी जाऊन पाहिले, मग हात लावला, असा तो क्रम होता. आपल्या धर्मग्रामांतील सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद आजही गृहभेटी देतात, ते याच वाटेने.

परंतु दुसरी, क्लेशकारक बाजूही आहे. ज्या ख्रिस्तसभेने बालकांसाठी हजारो शाळा व आश्रम उभारले, तिच्याच काही सेवकांनी बालकांवर अत्याचार केले आणि काही अधिकाऱ्यांनी ते झाकले. अमेरिकेत १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाल्याचे २००४ च्या जॉन जे अभ्यासात नोंदले आहे. जून २००२ मध्ये डॅलस येथे जमलेल्या अमेरिकन बिशपांनी जी सनद स्वीकारली तिने प्रापंचिकांचे राष्ट्रीय आढावा मंडळ स्थापन केले. प्रत्येक धर्मप्रांतातही आढावा मंडळ असावे आणि त्यात धर्मप्रांताच्या नोकरीत नसलेल्या प्रापंचिकांचे बहुमत असावे, असे ठरले. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जगभरच्या बिशप परिषदांच्या अध्यक्षांची रोम येथे सभा झाली. तिच्या आयोजकांमध्ये मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशस होते. त्याच वर्षी मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी अत्याचाराची माहिती देणे सर्व धर्मगुरू व व्रतस्थांवर बंधनकारक केले आणि २०२३ साली तो नियम कायमचा केला.

ख्रिस्तसभा जे मोठी किंमत मोजून शिकली ते असे की संस्थेने स्वतःचीच चौकशी करणे पुरेसे नसते. संस्थेवर प्रेम करणाऱ्या पण तिच्यावर अवलंबून नसलेल्या माणसांची नजर तिला हवी असते. हा धडा सरकारी यंत्रणेलाही तितकाच लागू आहे, आणि आपण तो सांगू शकतो, कारण तो आपल्याच जखमेतून आला आहे.

आपल्या संस्थांचे दार

आपल्या धर्मप्रांतांत धर्मभगिनी व धर्मगुरू वर्षानुवर्षे वसतिगृहे आणि बालगृहे चालवत आले आहेत. ज्या खेड्यांत दुसरी सोय नव्हती तेथील अनेक पिढ्या या वसतिगृहांमुळे शिकल्या. परंतु २०१५ च्या कायद्यानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी अनिवार्य आहे. २०१८ साली रांची येथील एका आश्रयगृहात बालक विकल्याचा आरोप झाल्यानंतर मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या देशभरातील गृहांची तपासणी करण्याचे आदेश निघाले. अनेक भाविकांना तो आपल्यावरील रोष वाटला. तपासणीच्या नावाखाली कधी कधी हेतुपुरस्सर त्रास दिला जातो, आणि धर्मांतराच्या संशयाचे सावट आपल्या प्रत्येक कामावर टाकले जाते, ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

तरीही तपासणीला विरोध हे त्याचे उत्तर नव्हे. नोंदणी पूर्ण, नोंदवह्या अचूक, मुलांच्या पालकांची संमती लेखी, कर्मचाऱ्यांची पडताळणी झालेली आणि दार केव्हाही उघडे, ही आपली खरी ढाल आहे. आपण स्वतःहून गावातील बिगर-ख्रिस्ती शिक्षक, डॉक्टर, वकील यांना आपल्या वसतिगृहाच्या देखरेख समितीवर बोलवावे. जो आपल्या घरी पाहुण्याला सर्व खोल्या दाखवतो त्याच्याविषयी संशय टिकत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मुलांचे हित त्यात आहे.

स्वयंसेवकाची शिस्त

उत्साहाच्या भरात स्वयंसेवकाकडून हानीही होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. पीडित बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकणे, नाव-गाव सांगणे हे कोणत्याही सद्हेतूने केले तरी निषिद्ध आहे. बालकाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून तीच वेदना उकरू नये. त्याने सांगितलेले शांतपणे ऐकावे, त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि चौकशीचे काम ज्यांचे आहे त्यांच्याकडे ते सोपवावे. सापडलेल्या बालकाला परस्पर आपल्या घरी किंवा आश्रमात ठेवून घेऊ नये. चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करणे कायद्याने आवश्यक आहे. दयेपोटी केलेला नियमभंगही उद्या त्या बालकाच्या आणि आपल्या अंगाशी येतो.

तसेच स्वयंसेवक हा रिकाम्या सरकारी पदाचा स्वस्त पर्याय होऊ नये. जिल्हा कक्षातील पदे रिकामी ठेवून गावकऱ्यांच्या सेवाभावावर काम भागवले जात असेल तर ती पदे भरा, हे सांगणे हाही स्वयंसेवेचाच भाग आहे.

आपण काय करू शकतो?

मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि दीर्घकाळ स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यातून चालली. त्यांत अनेक कॅथॉलिक संस्थाही होत्या. २०२३ पासून ती मिशन वात्सल्य योजनेखाली सरकारी यंत्रणेमार्फत चालवली जाते. सरकारने जबाबदारी घेतली हे चांगले झाले, परंतु त्यामुळे स्थानिक संस्थांचा हात थोडा मागे गेला. म्हणून गावातील माणसाची भूमिका आता अधिक मोलाची झाली आहे. आपली संख्या अल्प असली तरी पुढील गोष्टी कोणत्याही धर्मग्रामाला करता येण्याजोग्या आहेत.

१. आपल्या गावच्या ग्राम बाल संरक्षण समितीत कोण आहे व तिची शेवटची बैठक केव्हा झाली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे. ग्रामसभेत हा विषय मांडावा. केवळ विचारण्यानेही पुष्कळ हालते.

२. निवृत्त शिक्षक, परिचारिका, वकील अशा अनुभवी भाविकांनी बालकल्याण समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या जाहिराती निघतात तेव्हा अर्ज करावेत. या पदांवर चांगली माणसे बसली नाहीत तर तेथे दुसरे कोणी बसतेच.

३. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्यापूर्वी करावी आणि शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत नोंदवावी.

४. बालसंगोपन योजनेस पात्र असलेल्या प्रत्येक मुलाचा अर्ज भरून देण्यासाठी धर्मग्रामातील एका तरुणाने किंवा तरुणीने जबाबदारी घ्यावी, मग ते मूल कोणत्याही जातीधर्माचे असो.

५. आपल्या धर्मग्रामात विवाहाची नोंद करताना वधूवरांच्या वयाचे दाखले काटेकोरपणे पाहावेत. मुलीचे १८ व मुलाचे २१ वर्षे वय पूर्ण नसेल तर साखरपुड्याच्या कार्यक्रमालाही आशीर्वाद देण्याचे टाळावे.

६. बालविवाहाची किंवा अत्याचाराची माहिती कळल्यास १०९८ वर ताबडतोब कळवावे. एकट्याने भीती वाटत असल्यास महिला मंडळाने एकत्रितपणे कळवावे.

नाताळानंतर तीन दिवसांनी, २८ डिसेंबर रोजी, आपण निष्पाप बालहुतात्म्यांचा सण पाळतो. हेरोदाच्या सैनिकांनी बेथलेहेमची बालके मारली, परंतु त्या रात्री एक बालक वाचले, कारण स्वप्नात मिळालेल्या इशाऱ्यावर योसेफ उठला आणि बालक व त्याची आई यांना घेऊन रात्रीच निघाला. योसेफाकडे सत्ता नव्हती, पद नव्हते. तो जागा झाला आणि उठला, इतकेच. हिंगोलीच्या एखाद्या तांड्यावर, एखाद्या वस्तीवर या दिवाळीनंतर जी मुलगी शाळेतून गळेल, तिच्यासाठी उठणारे कोणी असेल का, याचे उत्तर जिल्ह्याच्या कार्यालयात जितके आहे तितकेच आपल्याही घरात आहे. संत योसेफ, सर्व बालकांचा पालक, आपणांस ते धैर्य मिळवून देवो.